फिल एस्टरहाउस

सार्जंट फिल एस्टरहाउस हे 'हिल स्ट्रीट ब्लूज' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील एक काल्पनिक पात्र आहे. अभिनेते मायकेल कॉनराड यांनी मालिकेच्या आरंभापासून, म्हणजे इ.स. १९८१ पासून, २२ नोव्हेंबर १९८३ रोजी झालेल्या आपल्या निधनापर्यंत ही भूमिका केली. कॉनराड यांच्या पश्चात मालिकेने या पात्रासाठी दुसरा अभिनेता निवडला नाही आणि पात्राची बदली किंवा निवृत्तीही दाखवली नाही. २ फेब्रुवारी १९८४ रोजी प्रसारित झालेल्या 'ग्रेस अंडर प्रेशर' या भागात एस्टरहाउसच्या मृत्यूची वार्ता देण्यात आली. दुय्यम पात्राचा मृत्यू आणि तो साकारणाऱ्या नटाचा मृत्यू यांची सांगड दूरचित्रवाणीवर कशी घातली गेली, याचे हा भाग एक महत्त्वाचे उदाहरण आहे. रोजच्या हजेरीच्या शेवटी एस्टरहाउस सहकाऱ्यांना देत असलेली सावधगिरीची सूचना हे इंग्रजी दूरचित्रवाणीवरील अतिशय परिचित वाक्यांपैकी एक असून, आज हे पात्र प्रामुख्याने त्या वाक्यामुळे ओळखले जाते.

मालिकेची पार्श्वभूमी

'हिल स्ट्रीट ब्लूज' ही मालिका स्टीव्हन बोच्को आणि मायकेल कोझॉल यांनी निर्माण केली. एनबीसी या वाहिनीवर १५ जानेवारी १९८१ ते १२ मे १९८७ या काळात तिची सात पर्वे आणि १४६ भाग प्रसारित झाले. एका अनाम अमेरिकन महानगरातील गरीब वस्तीत असलेले पोलीस ठाणे हे मालिकेचे घटनास्थळ आहे. शहराचे नाव कधीही सांगितले जात नाही. ठाण्याच्या बाह्यदृश्यांसाठी मात्र शिकागो येथील मॅक्सवेल स्ट्रीटवरील जुन्या पोलीस ठाण्याची इमारत वापरण्यात आली.

त्यापूर्वीच्या बहुतेक पोलीस मालिकांत एका भागात एक गुन्हा, त्याचा तपास आणि शेवटी उकल अशी ठरीव मांडणी असे. 'हिल स्ट्रीट ब्लूज'ने ती मोडली. एकाच भागात अनेक कथानके समांतर चालत. काही त्याच दिवशी संपत, तर काही अनेक आठवडे रेंगाळत. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण, एकमेकांवर चढणारे संवाद आणि डझनभराहून अधिक प्रमुख पात्रे ही या मालिकेची वैशिष्ट्ये होत. पहिल्या पर्वाला प्रेक्षकसंख्या अत्यल्प लाभली. तथापि त्याच पर्वासाठी मालिकेला आठ एमी पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार तिने १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षे पटकावला.

हजेरीचा प्रसंग

मालिकेचा भाग सामान्यतः पोलीस ठाण्यातील सकाळच्या हजेरीने सुरू होतो. गस्तीवर निघणारे पोलीस एका खोलीत दाटीवाटीने बसलेले असतात आणि सार्जंट एस्टरहाउस त्यांच्यासमोर उभा राहून दिवसभराची कामे वाचून दाखवतो. चोरीच्या घटना, टोळ्यांमधील तणाव, फरारी आरोपींची वर्णने, वरिष्ठ कार्यालयाची परिपत्रके अशा बाबी तो क्रमांकानुसार सांगतो. श्रोते मध्येच शेरे मारतात, हसतात, कुरकुरतात. एस्टरहाउस शांतपणे त्यांना आवरतो आणि पुढचा मुद्दा घेतो.

या प्रसंगाचे कथनातील कार्य दुहेरी आहे. एक म्हणजे, त्या भागात पुढे येणाऱ्या कथानकांची पेरणी हजेरीतच होते. त्यामुळे इतक्या पात्रांच्या आणि घटनांच्या गर्दीतही प्रेक्षकाला आधाराचा धागा मिळतो. दुसरे म्हणजे, दिवसभर वेगवेगळ्या रस्त्यांवर विखुरलेली ही माणसे एकत्र दिसण्याचा हाच एक नेमाचा प्रसंग असतो. नाटकातील सूत्रधाराप्रमाणे एस्टरहाउस प्रेक्षकाला कथेत नेऊन सोडतो आणि बहुतेक वेळा स्वतः ठाण्यातच राहतो.

हजेरी संपली की खुर्च्या सरकतात आणि गोंगाट सुरू होतो. त्याच वेळी एस्टरहाउस सर्वांना क्षणभर थांबवून 'हे, लेट्स बी केअरफुल आउट देअर' असे म्हणतो. आतापर्यंतचा त्याचा औपचारिक, कार्यालयीन सूर या एका वाक्यापुरता बदलतो. पहिल्याच भागात या सूचनेची सत्यता पटते. हजेरीतून बाहेर पडलेल्या बॉबी हिल आणि अँडी रेन्को या दोन पोलिसांची गाडी चोरीला जाते. दूरध्वनीच्या शोधात ते एका पडक्या इमारतीत शिरतात आणि तेथील व्यसनी तरुणांच्या गोळीबारात जबर जखमी होतात. दोघेही पुढे वाचतात. परंतु सकाळचे ते वाक्य केवळ उपचार नव्हते हे प्रेक्षकाला तेव्हाच कळून चुकते.

व्यक्तिचित्रण

एस्टरहाउस हा पन्नाशी ओलांडलेला, उंचपुरा, धीरगंभीर आवाजाचा अनुभवी पोलीस आहे. त्याची भाषा हे त्याचे ठळक लक्षण होय. साध्या गोष्टीसाठीही तो लांबलचक, पल्लेदार आणि ग्रंथिक शब्द योजतो. रस्त्यावरील रांगडी बोली बोलणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये हा शब्दसंभार हास्यास्पद ठरू शकला असता. परंतु कॉनराड यांनी तो अत्यंत गांभीर्याने उच्चारला. त्यामुळे विनोद निर्माण होऊनही पात्राची प्रतिष्ठा उणावत नाही. ठाण्याचे प्रमुख कॅप्टन फ्रँक फ्युरिलो (डॅनियल जे. ट्रॅव्हँटी) यांचा तो विश्वासू सहकारी असून, कनिष्ठांना तो वडीलधाऱ्यासारखा वाटतो.

त्याचे खासगी आयुष्य मात्र या शिस्तबद्ध रूपाशी विसंगत आहे. दीर्घकाळ टिकलेला त्याचा विवाह संपुष्टात आलेला आहे. मालिकेच्या आरंभी सिंडी या शाळेत शिकणाऱ्या मुलीशी त्याचे संबंध दाखवले आहेत. पुढे ठाण्याच्या अंतर्गत सजावटीच्या निमित्ताने आलेल्या ग्रेस गार्डनर या प्रौढ, उत्कट स्वभावाच्या स्त्रीशी त्याचे प्रेमसंबंध जुळतात. ग्रेसची भूमिका बार्बरा बॅबकॉक यांनी केली. मोजक्याच भागांत दिसूनही या भूमिकेसाठी त्यांना १९८१ मध्ये नाट्यमालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. भारदस्त सार्जंट आणि त्याची दमछाक करणारी ग्रेस ही जोडी मालिकेतील विनोदाचे एक स्थिर स्थान होती.

मायकेल कॉनराड

मायकेल कॉनराड यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. 'हिल स्ट्रीट ब्लूज'पूर्वी सुमारे दोन दशके ते चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर चरित्र अभिनेता म्हणून वावरत होते. 'दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?' (१९६९) आणि 'द लाँगेस्ट यार्ड' (१९७४) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट होत. व्यापक ओळख मात्र त्यांना पंचावन्नाव्या वर्षी एस्टरहाउसच्या भूमिकेने मिळवून दिली. या भूमिकेसाठी त्यांना १९८१ आणि १९८२ असे लागोपाठ दोनदा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे एमी पुरस्कार लाभले. १९८२ मध्ये या पुरस्काराची पाचही नामांकने 'हिल स्ट्रीट ब्लूज'मधील अभिनेत्यांनाच मिळाली होती. त्या वर्षी कॉनराड यांच्याबरोबर टॉरियन ब्लॅक, चार्ल्स हेड, मायकेल वॉरन आणि ब्रूस वाइट्झ हे स्पर्धेत होते.

मूत्रमार्गाच्या कर्करोगाने २२ नोव्हेंबर १९८३ रोजी लॉस एंजेलिस येथे कॉनराड यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षे होते. त्या वेळी मालिकेचे चौथे पर्व प्रसारित होत होते.

पात्राचा मृत्यू

कॉनराड यांच्या निधनानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, २ फेब्रुवारी १९८४ रोजी, 'ग्रेस अंडर प्रेशर' हा भाग प्रसारित झाला. त्यात एस्टरहाउसचा मृत्यू झाल्याचे उघड होते. ग्रेस गार्डनरशी प्रणय करीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याला मरण येते. अभिनेता हयात नसल्यामुळे हा मृत्यू पडद्यावर घडत नाही. तो इतरांच्या बोलण्यातून आणि मौनातून प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. नटाचा मृत्यू कर्करोगाने झाला, तर पात्राचा हृदयविकाराने. या दोन्ही घटना भिन्न आहेत.

भागाच्या शीर्षकात श्लेष आहे. 'ग्रेस अंडर प्रेशर' हा शब्दप्रयोग अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्याशी जोडला जातो. 'दडपणाखालीही न ढळणारा डौल' अशा अर्थाने त्यांनी धैर्याची व्याख्या केली होती. येथे 'ग्रेस' हे पात्राचे नावही असल्याने, प्रिय माणसाच्या मृत्यूच्या क्षणी एकटी सापडलेली स्त्री असाही अर्थ शीर्षकातून निघतो.

मृत्यूचे हे कारण प्रथमदर्शनी विनोदी वाटते आणि मालिकेने तो विनोद टाळलेला नाही. तीन वर्षे प्रेक्षक या जोडीकडे पाहून हसत आले होते. एस्टरहाउसला रस्त्यावर गोळी लागून वीरमरण देणे लेखकांना शक्य होते. परंतु तसे मरण त्या पात्राच्या स्वभावाशी विसंगत ठरले असते. दररोज इतरांना बाहेरच्या धोक्यांपासून जपायला सांगणारा हा माणूस बाहेर मरत नाही. ज्या ठिकाणी कोणी कोणाला सावध करीत नाही, तेथे, सुखाच्या क्षणी, त्याला मृत्यू गाठतो. हसू आणि शोक एकाच घटनेत ठेवण्याची मालिकेची पद्धत येथे प्रकर्षाने दिसते.

समकालीन उदाहरणांशी तुलना

अभिनेत्याच्या निधनानंतर त्याच्या पात्राचे काय करावे, हा प्रश्न दूरचित्रवाणी मालिकांपुढे वारंवार उभा राहिला आहे. दुसरा अभिनेता घेणे, पात्र दूरगावी गेल्याचे सांगणे किंवा त्याचा उल्लेखच थांबवणे हे रूढ उपाय होते. त्या काळातील काही मालिकांनी वेगळे मार्ग चोखाळले.

'बार्नी मिलर' या पोलीस ठाण्यावर आधारित विनोदी मालिकेतील अभिनेते जॅक सू यांचे जानेवारी १९७९ मध्ये निधन झाले. त्यानंतर सहकलाकारांनी एका विशेष भागात आपापल्या भूमिका बाजूला ठेवून, स्वतःच्या नावाने प्रेक्षकांशी संवाद साधला. जॅक सू यांचे पात्र बेचव कॉफी बनवण्याबद्दल प्रसिद्ध होते. म्हणून कलाकारांनी कॉफीचे पेले उंचावून त्यांना निरोप दिला. येथे शोक नटासाठी होता, पात्रासाठी नव्हता.

'सेसमी स्ट्रीट' या बालकांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली ७ डिसेंबर १९८२ रोजी निवर्तले. त्यांच्या पात्राचा मृत्यू मुलांना समजावून सांगणारा भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, म्हणजे कॉनराड यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, प्रसारित झाला. गेलेला माणूस परत येत नाही, हे बालप्रेक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगणे हा त्याचा हेतू होता.

'मॅश' या मालिकेतील कर्नल हेन्री ब्लेक याचा मृत्यू (१८ मार्च १९७५) याहून निराळा आहे. तेथे अभिनेते मॅक्लीन स्टीव्हन्सन हयात होते आणि केवळ मालिका सोडून गेले होते. ब्लेकचे विमान पाडले गेल्याची बातमी शेवटच्या दृश्यात अचानक येते. धक्का देणे हेच त्या प्रसंगाचे बळ होते.

'हिल स्ट्रीट ब्लूज'च्या बाबतीत प्रेक्षकाला नटाच्या निधनाची वार्ता आधीच ठाऊक होती. त्यामुळे धक्क्याला वाव नव्हता. पात्रांना जे दुःख नवे होते, ते पाहणाऱ्यांना दहा आठवड्यांचे जुने होते. ठाण्यातील पात्रे एस्टरहाउससाठी शोक करतात तेव्हा त्याच वेळी कलाकार कॉनराड यांच्यासाठी आणि प्रेक्षक दोघांसाठीही शोक करीत असतात. नट आणि पात्र यांच्यातील सीमारेषा अशी पुसट होणे हे या भागाच्या दीर्घ स्मरणाचे प्रमुख कारण मानता येते.

उत्तराधिकारी

एस्टरहाउसची जागा सार्जंट स्टॅन जॅब्लॉन्स्की या नव्या पात्राने घेतली. ही भूमिका रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेते रॉबर्ट प्रॉस्की यांनी केली आणि मालिका संपेपर्यंत ते तिच्यात राहिले. जॅब्लॉन्स्की हा एस्टरहाउसची नक्कल नाही. तो स्थूल, साध्या बोलीत बोलणारा आणि कोणताही शब्दसंभार नसलेला आहे.

हजेरीच्या शेवटी त्यालाही स्वतःचे वाक्य देण्यात आले. 'त्यांनी आपला समाचार घेण्याआधी आपण त्यांचा घेऊ,' असा त्याचा आशय आहे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली असता पोलिसी कामाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोर येतात. एस्टरहाउसच्या वाक्यात शत्रू नाही. तो फक्त आपल्या माणसांच्या परतण्याची काळजी करतो. जॅब्लॉन्स्कीच्या वाक्यात 'ते' आणि 'आपण' अशी फळी पडते. उत्तराधिकाऱ्याच्या तोंडी इतके भिन्न वाक्य घालून मालिकेने जुने वाक्य एस्टरहाउसपाशीच राखून ठेवले.

वाक्याचा अर्थ

'लेट्स बी केअरफुल आउट देअर' या वाक्याचा आशय मराठीत 'बाहेर आपण सारे जपून राहू या' असा सांगता येईल. या वाक्यातील सर्वनाम महत्त्वाचे आहे. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' असा भेद आहे. इंग्रजीत असा भेद नसला, तरी येथे 'आपण' हाच अर्थ अभिप्रेत आहे. एस्टरहाउस 'तुम्ही जपून राहा' असे म्हणत नाही. धोका पत्करायला निघालेल्यांमध्ये तो स्वतःलाही धरतो. अधिकाराने तो वरिष्ठ आहे, परंतु या वाक्यात आज्ञा नाही. घराबाहेर पडणाऱ्याला वडीलधाऱ्यांनी 'सांभाळून जा' म्हणावे, तशा स्वरूपाची ती काळजी आहे. त्यामुळेच परिपत्रके आणि गुन्ह्यांच्या यादीनंतर येणारे हे छोटे वाक्य इतके ठसते.

चाहत्यांच्या स्मरणातील स्थान

एस्टरहाउसचे स्मरण मुख्यतः हजेरीशी निगडित आहे. मालिकेचे चाहते त्याच्या मृत्यूविषयी बोलताना एखाद्या मोठ्या घटनेपेक्षा भागाच्या आरंभीची रिकामी जागा अधिक आठवतात. ज्याच्या आवाजाने दर गुरुवारी रात्री भाग सुरू होई, तो आवाजच नाहीसा झाल्याने मालिकेची लय बदलली. दुय्यम पात्र असूनही त्याची उणीव प्रत्येक भागाच्या पहिल्या मिनिटातच जाणवे, कारण त्याचे स्थान तेथेच होते. प्रमुख पात्र कथेच्या मध्यभागी असते. एस्टरहाउस तिच्या उंबरठ्यावर उभा होता.

या स्मरणाला माध्यमाच्या इतिहासाचीही बाजू आहे. मालिकेची पहिली दोन पर्वे इ.स. २००६ मध्ये डीव्हीडी स्वरूपात उपलब्ध झाली; परंतु एस्टरहाउसच्या मृत्यूचा भाग असलेल्या चौथ्या पर्वासह संपूर्ण मालिका २०१४ मध्ये संचरूपाने प्रकाशित झाली. त्यामुळे मूळ प्रसारणानंतरची अनेक वर्षे हा भाग पुनःप्रसारणातून किंवा आठवणीतूनच जिवंत राहिला. ते वाक्य मात्र मालिकेपासून सुटे होऊन इंग्रजी भाषकांच्या व्यवहारात रुळले. मालिका न पाहिलेले लोकही ते निरोप घेताना वापरतात.

टीका आणि पुनर्विचार

एस्टरहाउसच्या आठवणी प्रेमाच्या असल्या, तरी पात्राच्या चित्रणातील एक बाजू आजच्या प्रेक्षकाला खटकते. पहिल्या पर्वात पन्नाशीतील पोलीस अधिकारी आणि शाळकरी मुलगी यांचे संबंध विनोदाचा विषय म्हणून आले आहेत. सत्ता, वय आणि संमती यांविषयीचा विचार तेथे जवळजवळ नाही. पुढे ग्रेस गार्डनरच्या आगमनाने हे कथानक मागे पडले आणि सामूहिक स्मृतीतही ग्रेसच उरली. हजेरीतील पितृतुल्य सार्जंट आणि आरंभीच्या भागांतील हा पुरुष एकच आहेत, याची नोंद घेतल्याखेरीज पात्राचे आकलन पूर्ण होत नाही. माणसांना निर्दोष न दाखवणे हे या मालिकेचे धोरण होते. मात्र या ठिकाणी तिला स्वतःला तो दोष दोष वाटला नव्हता, असे दिसते.

वारसा

'हिल स्ट्रीट ब्लूज'च्या लेखनचमूत घडलेल्या अनेकांनी पुढील दशकांतील अमेरिकन दूरचित्रवाणीला आकार दिला. स्टीव्हन बोच्को आणि तिसऱ्या पर्वापासून या मालिकेसाठी लिहू लागलेले डेव्हिड मिल्च यांनी १९९३ मध्ये 'एनवायपीडी ब्लू' ही पोलीस मालिका सुरू केली. तिच्यातील डिटेक्टिव्ह बॉबी सिमोन (जिमी स्मिट्स) याच्या मृत्यूचा भाग २४ नोव्हेंबर १९९८ रोजी प्रसारित झाला. तेथे अभिनेता स्वेच्छेने मालिका सोडत होता. म्हणून पात्राचे आजारपण आणि अखेर सविस्तर दाखवणे शक्य झाले. एस्टरहाउसच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्याच्या मृत्यूचे चित्रण त्याच्या अनुपस्थितीतच करावे लागले.

तरीही दोन्ही प्रसंगांत एक समान गृहीतक आढळते. गुन्हेगारी मालिकेतील मृत्यू हा केवळ तपासाचा आरंभबिंदू नसून, मागे राहिलेल्यांच्या कामकाजात पडलेला खंडही असतो, असे ते गृहीतक होय. 'ग्रेस अंडर प्रेशर'मधील मृत्यूचा तपास करण्यासारखे काही नाही आणि कोणी गुन्हेगारही नाही. ठाण्यातील पोलिसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरीला बसायचे असते आणि यादी दुसऱ्या कोणाला तरी वाचावी लागते. एस्टरहाउसचे वाक्य त्यांच्यापैकी कोणीही उचलले नाही. ते प्रेक्षकांकडे राहिले.